गोळी परस्पर बंद करू नका!

हृदयात स्टेंट बसवून घरी आलेले रुग्ण दहिसरच्या माझ्या दवाखान्यात हमखास विचारतात, "डॉक्टर, नव्या गोळीने दम लागतो. बंद केली तर चालेल?" मुळीच नाही!

ही गोळी बहुधा टिकाग्रेलॉर असते. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती दिवसातून दोनदा घ्यायची. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या १८,६२४ रुग्णांच्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या सुमारे १४ टक्के रुग्णांना दम लागला. जुन्या क्लोपिडोग्रेलवर सुमारे ८ टक्क्यांना. हा दम सहसा सौम्य असतो व पुष्कळदा आपोआप ओसरतो. गोळी अचानक थांबवल्यास मात्र स्टेंट बंद पडून झटका येऊ शकतो.

तरीही दम अंगावर काढू नये. तो हृदयाचाही असू शकतो, म्हणून तपासून घ्यावे. छातीत दुखले, आडवे पडल्यावर दम लागला किंवा शौचाला काळे झाले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. त्रास टिकला तर हृदयरोगतज्ज्ञ गोळी बदलून देतात.

यात रुग्णाला दोष देऊन भागणार नाही. "दम लागेल, घाबरू नका, गोळी न थांबवता मला कळवा," एवढे आम्ही डॉक्टरांनी चिठ्ठी देतानाच सांगायला हवे. त्याला अर्धा मिनिट लागतो.