गिटार नाही म्हणून अडलंय का? आपला रॉक, बेंजो आणि हलगीचा प्रश्न

मागच्या महिन्यात आणे गावातल्या बुद्धविहारात जयंतीची बैठक होती. वर्गणी किती काढायची, डीजे सांगायचा की नाही, भाषणाला कुणाला बोलवायचं, हे नेहमीचे विषय चालले होते. त्यात पोरांनी एक नवा विषय काढला. पाच जणांनी मिळून बँड करायचं ठरवलं आहे. दोघे आळेफाट्याला कॉलेजला जातात, एक गॅरेजमध्ये काम करतो, एक मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पाचवा मातंग वस्तीतला, हलगी वाजवणारा. त्यांच्याकडे एक जुना कॅसिओ, एक सेकंडहँड बेंजो, ढोलकी आणि हलगी एवढं आहे. जयंतीच्या वर्गणीतून त्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प्लिफायर हवा होता. खर्च वीस-बावीस हजार.

मी म्हटलं, "आहे त्यावर का नाही करत?" तर एक जण म्हणाला, "ताई, गिटारशिवाय रॉक कसला?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून एक वयस्क बाबा बोलले. "गिटारीचं तुमचं तुम्ही बघा. पण हलगी विहारापुढं वाजायची नाही. माझ्या बापानं धम्म घेतला त्या दिवशी हलगी खाली ठेवली. ती पुन्हा उचलायची नाही."

बैठक तिथेच थंडावली. पोरांना जे वाद्य हवं होतं ते परवडत नव्हतं आणि जे वाद्य हाताशी होतं त्याला घरातूनच हरकत होती. वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. माझ्या मते मुळाशी तो एकच प्रश्न आहे: वाद्याला प्रतिष्ठा कोण देतं आणि अप्रतिष्ठा कोण चिकटवतं?

आधी गिटारीचं बघू. रॉक म्हणजे गिटार हे समीकरण रॉकवाल्यांनी स्वतःच मोडलं, त्यालाही पन्नास वर्षं होऊन गेली. इंग्लंडमध्ये १९७० च्या आसपास प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचा प्रकार बहरला. तीन मिनिटांचं प्रेमगीत पुरेनासं झालं म्हणून त्यांनी वीस-वीस मिनिटांच्या रचना केल्या, मध्येच ताल बदलला, एखादी गोष्ट किंवा विचार घेऊन अख्खा अल्बम बांधला. यातल्या कितीतरी बँडनी गिटारवाद्याला नायकाच्या जागेवरून उठवलं. एग या बँडमध्ये ऑर्गन, बास आणि ड्रम वाजवणारे तिघेच होते. सॉफ्ट मशीनच्या १९७० सालच्या 'थर्ड' या अल्बममध्ये चारच रचना आहेत, तबकडीच्या एका बाजूला एक. त्यात बास गिटार सोडली तर गिटारवादक नाही. तिथे सॅक्सोफोन आणि ऑर्गन भांडतात, समेट करतात. इमर्सन, लेक अँड पामर या तिघांची १९७१ सालची 'टार्कस' ही वीस मिनिटांची रचना मुख्यतः कीबोर्डवर उभी आहे. तिची सुरुवात दहाच्या मोजणीत आहे. आपल्या झपतालाच्या मात्राही दहाच. बेल्जियमच्या युनिव्हर्स झिरोने तर बसून, व्हायोलिन आणि हार्मोनियम घेऊन अंगावर काटा आणणारं संगीत केलं. हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी! आपल्या गायन पार्टीत ती पिढ्यान् पिढ्या वाजते आहे आणि आपण मात्र गिटारीसाठी पावतीपुस्तक छापतोय.

या बँडचा आवडता हॅमंड ऑर्गन आला कुठून, तेही पाहा. १९३५ साली तो अमेरिकेत बाजारात आला आणि महागडा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चना विकला गेला. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये तो रुजला. तिथून गॉस्पेलमध्ये, जॅझमध्ये आणि मग इंग्लंडातल्या गोऱ्या पोरांच्या हातात गेला. 'प्रोग्रेसिव्ह' हे बिरुद शेवटच्यांना मिळालं. ज्यांनी त्या वाद्याला बोलायला शिकवलं त्यांची नावं मागे पडली. ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटत असेल, तर ती तशीच आहे.

आता आपल्या बेंजोकडे या. जपानमधल्या नागोयात १९१२ साली गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून एक वाद्य केलं, ताइशोगोतो. तेच हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं. मुंबई, कोकण, पुण्याकडच्या पोरांनी त्याला पिकअप लावला, वायर ॲम्पला जोडली, आवाज फाटेपर्यंत वाढवला आणि टेम्पोवर चढवलं. शेजारी ऑक्टोपॅड, कॅसिओ, ताशा. एका हाताने कळ दाबायची, दुसऱ्या हाताने तार छेडायची. गिटारचा लीड जे काम करतो तेच काम हे वाद्य रस्त्यावर करतं. या बेंजो पार्ट्यांवर २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' हा हिंदी सिनेमाही काढला. मग ज्या मुलाच्या हातात बेंजो आहे तो स्वतःला रॉकवाला का म्हणत नाही? कारण बेंजो वस्तीत वाजतो, गिटार कॉलेजच्या गॅदरिंगला वाजते. फरक तारांत नाही, वर्गात आहे.

मी गिटारच्या विरोधात नाही. मुंबईच्या धम्म विंग्स बँडने गिटार घेऊनच बुद्ध-आंबेडकरी विचार रॉकमध्ये आणला. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये पा. रंजित यांच्या पुढाकाराने कास्टलेस कलेक्टिव्ह मंचावर आला, तिथेही गाना, रॅप आणि रॉक एकत्र नांदले. ज्याला परवडेल त्याने गिटार जरूर घ्यावी. माझा आक्षेप एवढाच, की गिटार नाही म्हणून आपण अपुरे आहोत असं मानू नका.

लांब रचना, मध्येच ताल बदलणं, गोष्टीतून विचार मांडणं हेही आपल्याला परकं नाही. तमाशाचा क्रमच बघा: गण, गौळण, बतावणी, लावणी आणि शेवटी रात्रभर चालणारा वग. आण्याहून आळेफाटा आणि तिथून नारायणगाव, म्हणजे तमाशाची पंढरी. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाच्या नावातच जात उघड लिहिलेली होती. त्याच घरातल्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि तरीही २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. कलेला टाळ्या आणि कलावंताला उपेक्षा, हा व्यवहार आपल्या तालुक्याने जवळून पाहिला आहे.

सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी याच तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यातला माल बदलला. गणातला गणपती गेला, गौळणीतली छेडछाड गेली. वगात सावकार, भट आणि गावकी आली, पाणवठा आला, शाळा आली. भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार ढोलकी, तुणतुणं, झांज, पेटी घेऊन गावोगाव फिरले. त्या काळातलं 'प्रोग्रेसिव्ह' संगीत दुसरं कोणतं होतं? पुढे वामनदादा कर्डकांनी हीच परंपरा हजारो गाण्यांतून घरोघरी नेली.

आता बाबांची हरकत. ती जुनाट म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्यांनी हलगी खाली ठेवली त्यांना संगीताचा कंटाळा आला नव्हता. दवंडी द्यायची, मिरवणुकीपुढे चालायचं, पाटलाच्या दारात उभं राहायचं आणि बदल्यात शिळी भाकरी घ्यायची, ही वतनाची कामं होती. ती नाकारायचा हक्क नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच गुलामीवर. कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. त्याआधी १९५६ साली आपल्या माणसांनी धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढणं थांबवलं तशीच अनेक ठिकाणी वाद्यंही टाकली. तो संप होता. नुकसान सोसून केलेला संप. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, ती त्याच भूमिकेतून. आपल्या बायकांना नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. बँडमधल्या मुलीला तिची आजी परवा म्हणाली, "स्टेजवर उभी राहून गाणार? तमाशात जायचंय का?" त्या प्रश्नामागे हीच भीती आहे. ती हसण्यावारी नेऊ नका.

पण त्या संपाचं आपण पुढे काय केलं? इथे मला आपल्याच माणसांशी भांडायचं आहे. आपण हलगी टाकली, पण जयंतीच्या मिरवणुकीत हलगी वाजतेच. ती कोण वाजवतं? शेजारच्या गावातून सुपारी देऊन आणलेले मातंग बांधव. त्यांचं नाव बॅनरवर नसतं. ते पुढे चालतात, आपण मागे नाचतो. जेवायच्या वेळी ते टेम्पोजवळ थांबतात आणि कुणीतरी पत्रावळी नेऊन देतं. हे मी माझ्या स्वतःच्या गावात डोळ्यांनी पाहिलं आहे आणि अनेक वर्षं गप्प बसले आहे. गावकीने आपल्या बापाला जे केलं तेच आपण दुसऱ्याला करत असू, तर आपण हलगी टाकली नाही, फक्त दुसऱ्याच्या गळ्यात अडकवली. समाजशास्त्रात एम.ए. करताना श्रेणीबद्ध विषमता हा बाबासाहेबांचा शब्द मी उत्तरपत्रिकेत अनेकदा लिहिला. त्याचा अर्थ मला त्या पत्रावळीने शिकवला.

अमेरिकेतला बॅन्जो (आपल्या बेंजोला नाव त्याचंच, वाद्य वेगळं) याच वाटेने गेला. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी भोपळ्यावर कातडं ताणून तो घडवला. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून, काळ्यांची टिंगल करत तोच वाजवू लागले. पुढे अनेक काळ्या माणसांनी तो टाकला, कारण त्याला टिंगलीचा वास लागला होता. २००५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या तीन तरुण काळ्या कलावंतांनी कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा गट काढला. जो थॉम्पसन या वृद्ध काळ्या व्हायोलिनवादकाकडे बसून ते शिकले आणि बॅन्जो पुन्हा आपला म्हणून हातात घेतला. २०११ साली त्यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळाला. ज्यांनी टाकला त्यांचं चुकलं नव्हतं आणि ज्यांनी उचलला त्यांचंही चुकलं नाही. मधल्या काळात सक्ती गेली होती, हा फरक.

म्हणून माझी मांडणी अशी: वाद्याला जात नसते, वाजवायला लावण्याला जात असते. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं कातडं. ते शेकल्यावर जो कडकडीत आवाज देतं तो कोणत्याही ड्रमच्या तोडीचा आहे. प्रश्न एवढाच, की ती कोणाच्या हुकमाने वाजते, कोणाच्या नावाने आणि कोणत्या मोबदल्यात.

बैठकीत मी पोरांपुढे तीन गोष्टी ठेवल्या. इतर गावांतल्या कार्यकर्त्यांपुढेही ठेवते.

पहिली, यंदा गिटार नको. त्या पैशात चांगले दोन माइक आणि एक छोटा मिक्सर घ्या. आपल्या गाण्यातला शब्द ऐकू आला पाहिजे. आज डीजेच्या भिंतीपुढे भीमगीताचा एक शब्द कळत नाही.

दुसरी, हलगीवाला भाड्याचा नाही, बँडचा आहे. त्याचं नाव फलकावर इतरांइतक्याच अक्षरांत, मानधन सारखं आणि जेवायची पंगत एक. बाकीच्या चौघांनी त्याच्याकडून हलगी शिकायची. शिकणारा हात आणि शिकवणारा हात बदलल्याशिवाय काहीच बदलत नाही.

तिसरी, सिनेमाच्या चालीवर शब्द बसवणं आणि तोच केरवा पिटणं थांबवा. एक वीस मिनिटांची रचना करा. विषय शोधायला लांब जायला नको. आण्याचं पठार उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतं. हंडा घेऊन रांगेत उभी राहणारी बाई रोज दिसते. तिच्यापासून सुरू करा आणि २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्यापर्यंत जा. टँकरच्या रांगेला बेंजोची एकच सूर धरून ठेवणारी तार, महाडच्या मोर्चाला हलगी, ओंजळीतल्या पाण्यापाशी सगळी वाद्यं बंद आणि फक्त त्या मुलीचा आवाज. पुढे दहाच्या मोजणीत जा, सातच्या मोजणीत जा, चुकलात तर पुन्हा करा. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणा, जलसा म्हणा, काहीही म्हणा.

बैठकीत पहिली गोष्ट मान्य झाली. दुसरीवर वाद झाला, पंगतीच्या मुद्द्यावर दोघे उठून गेले. तो वाद व्हायलाच हवा होता. तिसरीवर पोरं कामाला लागली आहेत, रोज संध्याकाळी विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत तालीम असते. मुलीची आजी एकदा येऊन ऐकून गेली. बोलली काही नाही, पण नातीला थांबवलंही नाही.

बाबांनी अजून होकार दिलेला नाही. तो मी गृहीतही धरत नाही. त्यांच्या वडिलांनी जे खाली ठेवलं त्याची किंमत त्यांना माहीत आहे, आपल्याला नाही. म्हणून पोरांना मी सांगितलं आहे: आधी बाबांकडे जा, १९५६ साली काय झालं ते त्यांच्या तोंडून ऐका आणि ते तुमच्या रचनेत घ्या. त्यानंतर हलगी कुठे वाजवायची ते विचारा. ते नाही म्हणाले तर विहारापुढे वाजवू नका, रस्त्यावर वाजवा. पण दुसऱ्याला भाडं देऊन वाजवून घेऊ नका.

जय भीम!