वाट पुठ्ठ्याची

आमच्या पालीत माणसं वाट बघतात ती बिंदुसरा धरण भरण्याची. पुतण्या मात्र परग्रहावरच्या बाहुल्यांची बघतो. (‘बाहुल्या’ म्हटलेलं खपत नाही. ॲक्शन फिगर!) आल्या तरी खोकं फोडायचं नाही म्हणे, किंमत उतरते! अहो, मग वाट कशाची बघायची? पुठ्ठ्याची? हा धंदा मुळातच तसला. १९७७च्या नाताळात ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्या तयार नव्हत्या, तर केनर कंपनीनं चक्क पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत कुपन, चार बाहुल्या पुढच्या वर्षी. लोकांनी घेतलंही! आणि आजही मागणी काय, तर त्याच डार्थ व्हेडरची आणखी एक आवृत्ती. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मधला यंत्रमानव वामन कुणालाच नको. तो येऊ दे, खोकं पहिल्याच दिवशी टराटरा फाडतो की नाही बघा.