विश्लेषण: जुन्या बाइकला नवा सायलेन्सर बनवून घेतला तर गुन्हा होतो का?

रस्त्यावर ओळीने मांडलेले सायलेन्सर, त्यांच्यावरून जाणारा रोड रोलर आणि शेजारी उभे वाहतूक पोलीस. पुणे, नागपूरसह राज्यातल्या अनेक शहरांतून असे व्हिडिओ अधूनमधून येतात. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना बरंच वाटतं. रात्री साडेअकराला ‘फटाका’ सायलेन्सरने ज्यांचं तान्हं बाळ दचकून उठवलंय, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा का करावी?

पण त्या रांगेत दोन वेगळ्या वस्तू एकत्र पडलेल्या असू शकतात. एक म्हणजे आतली पुंगळी काढून टाकलेला, फक्त आवाजासाठी बसवलेला पाइप. दुसरा म्हणजे जुन्या गाडीचा मूळ सायलेन्सर कुजला म्हणून मोजमाप घेऊन बनवलेला. रोलरला यातला फरक कळत नाही. कायद्याला कळतो का?

जुन्या गाडीची अडचण काय?

पनवेल-उरण रस्त्यावरचं जासई घ्या. जेएनपीएकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरची इथे दिवसरात्र वर्दळ असते. ट्रेलर आले की वेल्डिंग, लेथ आणि पत्राकाम करणारे हातही आसपास असतात. म्हणजे पाइप बनवून घेणं अशा पट्ट्यात अवघड नाही. आणि गरजही खरी आहे. खाडीकाठची खारी हवा लोखंड बाहेरून खाते, तर इंजिनातून निघणारी वाफ थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते आणि तो आतूनही गंजतो.

यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. हिरो होंडाची करिझ्मा २००३ मध्ये आली, तीही आता जुनी झाली. पेणच्या ‘एमएच ०६’ पाटीची अशी गाडी आजोबांनी किंवा वडिलांनी घेतलेली असते, मोडीत काढवत नाही. चांगल्या स्थितीतला मूळ सायलेन्सर मिळणं कठीण. मग उरतात तीन वाटा: भंगार बाजार, स्वस्त नक्कल किंवा हाताने बनवलेला पाइप.

पाइप म्हणजे नुसती नळी नव्हे

आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सर हा जवळजवळ इंजिनाचाच भाग असतो. जळलेला वायू बाहेर पडताना दाबाची एक लाट पाइपमधून धावते. पाइप हळूहळू रुंद होतो तिथून उलटी, ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते. या ओढीत थोडं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रणही बाहेर निसटतं. पुढे पाइप पुन्हा निमुळता होतो. तिथून परतणारी दाबाची लाट ते मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलते.

हे तंत्र १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी पक्कं केलं. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने सुमारे २५ हॉर्सपॉवर दिली होती. त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये त्याने सुझुकीला ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. हेरगिरीच्या सिनेमात शोभेल अशी गोष्ट, आणि तिच्या केंद्रस्थानी एक पाइप!

त्यामुळे पुंगळी काढली की गाडी जोरात पळते, हा समज निव्वळ कानांचा आहे. लांबी आणि उताराचा हिशेब चुकला तर ठरावीक आरपीएमला मिळणारी ताकद उलट कमी होते. फोर-स्ट्रोक करिझ्मात बेंड पाइपची लांबी आणि आतला व्यास महत्त्वाचा. फार जाड पाइप लावला तर वायूचा वेग पडतो आणि खालच्या गिअरमधला जोर जातो.

दुसरी चूक कार्ब्युरेटरची. मोकळा पाइप बसवून जेट तोच ठेवला, तर अनेकदा हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. टू-स्ट्रोकमध्ये याचा शेवट पिस्टन जाम होण्यात होऊ शकतो, तोही हायवेवर, मागे चाळीस टनांचा ट्रेलर असताना. म्हणून जाणकार मेकॅनिक पाइप बसवल्यावर स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघतो. जो बघत नाही, त्याच्याकडून पाइप करून घेऊ नये.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि प्रदूषणाची मानकं मोडली तर कलम १९०(२) लागतं. त्यात पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र होऊ शकतं.

खरी मेख इथे आहे. कलम ५२ मध्येच ‘बदल’ म्हणजे गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा, रचनेतला बदल असं स्पष्टीकरण आहे. कुजलेल्या सायलेन्सरच्या जागी तेवढ्याच आवाजाचा दुसरा बसवणं त्यात मोडतं का, यावर वाद घालता येतो. आवाजाच्या मर्यादेबाबत तो घालता येत नाही.

नव्या दुचाकींसाठी ही मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८० अशी आहे. मात्र ती मोजतात चाचणी मैदानावर, वेग घेत जाणाऱ्या गाडीपासून साडेसात मीटरवर माइक ठेवून. नाक्यावर हे शक्य नाही. उभ्या गाडीची चाचणी आहे, त्यात सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ४५ अंशांत मीटर धरतात. पण त्या आकड्याची ७७ शी थेट तुलना करणं चूक, कारण अंतर वेगळं. मीटरच नसेल तर निकाल कान आणि डोळे देतात. मग चकचकीत पण शांत पाइप पकडला जातो आणि आतून पोखरलेला मूळ सायलेन्सर सुटतो.

युरोपात बदली सायलेन्सरची आधी चाचणी होते आणि मान्यतेची खूण त्याच्यावरच कोरलेली असते. पोलिसाला ती वाचता येते. आपल्याकडे नाक्यावर वाचता येईल अशी खूण रुळलेली नाही, त्यामुळे नीट काम करणाऱ्या फॅब्रिकेटरलाही आपला पाइप वेगळा आहे हे दाखवता येत नाही. जुन्या गाड्यांसाठी आरटीओत सायलेन्सरची आवाज चाचणी घेऊन आरसीवर नोंद करणं, ही फार खर्चिक व्यवस्था नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवताना अशी गाडी तपासणीसाठी तिथे न्यावीच लागते.

तोवर पाइप बनवून घेणाऱ्याने ग्लासवूल भरलेला, बंद तोंडाचा मफलर घ्यावा आणि बिल जपून ठेवावं. बिल दाखवून दंड चुकेलच असं नाही. कुजका असला तरी मूळ सायलेन्सर फेकू नये. नवा पाइप उतरवायची वेळ आली तर मोजमाप त्याच्यावरूनच घ्यावं लागतं.