ऑपरेशनला पाच लाख, पण रोजच्या दुखण्याचं काय?

विश्लेषण : कतारगाम, सूरत

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. बातम्या आल्या त्या पगाराच्या, ग्रॅच्युइटीच्या आणि महिलांच्या रात्रपाळीच्या. एका बाबीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. व्यवसायगत सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम २३ मध्ये मालकाच्या जबाबदाऱ्या दिल्या आहेत. त्यात पुरुष, स्त्री आणि पारलिंगी कामगारांसाठी शौचालय आणि मुतारीची स्वतंत्र सोय हा मुद्दा आहे. निकष नियमांनी ठरायचे आहेत. कागदावर ही एक ओळ आहे. पण कतारगाममध्ये हिऱ्याच्या घंटीवर बसून काम करणाऱ्या आणि सोबत हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या पारलिंगी स्त्रीचा दिवस निभतो की नाही, हे त्या ओळीवर ठरतं.

कतारगाम आपल्याला परकं नाही. नंदुरबार, नवापूर, शहादा, दोंडाईचा, अमळनेर इथली हजारो माणसं सुरतेला कामाला जातात. उधना, लिंबायत, डिंडोलीत तर खानदेशी मंडळींच्या वसाहतीच आहेत. कतारगामला हिऱ्यांचे कारखाने आणि एम्ब्रॉयडरीची खाती आहेत. गावातून पोरगा सुरतेला जातो तो पोटासाठी. काही जण मात्र आणखी एका कारणासाठी जातात. जन्माच्या दाखल्यावर मुलगा लिहिलेलं असतं, पण मनानं ती बाई असते. गावात जे जमत नाही, ते मोठ्या शहरात जमेल असं वाटतं. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ आणि गुजरातमध्ये ११,५४४ जणांची नोंद झाली होती. म्हणजे विषय मूठभरांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

शरीरात काय होतं?

स्त्रीत्वाकडे नेणाऱ्या उपचारात साधारण दोन औषधं असतात. एक इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन. दुसरं पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं. त्यासाठी आपल्याकडे स्पायरोनोलॅक्टोन बरंच वापरतात.

बदल हळूहळू होतात. साधारण तीन ते सहा महिन्यांत स्तनाग्राखाली नाण्याएवढी दुखरी गाठ येते. वयात येणाऱ्या मुलींना होतं तेच हे. नुसता शर्ट घासला तरी कळ येते. दोन्ही बाजू सारख्या वाढतीलच असं नाही. पूर्ण वाढ व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. याच सुमारास कातडी कोरडी पडते, चरबी मांड्या-नितंबांकडे सरकू लागते आणि स्नायूंची ताकद कमी होऊ लागते. अंगावरचे केस विरळ होतात, दाढी मात्र जात नाही. आवाजही बदलत नाही. त्यामुळे कितीतरी महिने असे जातात की आरशात बदल दिसत नाही आणि अंग मात्र रोज दुखतं.

आता हेच शरीर कारखान्यात बसवून बघा. घंटीवर काम करताना पुढे वाकावं लागतं आणि छाती टेबलाच्या काठाला लागते. कापड मार्केटमध्ये पार्सल उचलणाऱ्याला सहा महिन्यांपूर्वी सहज उचललेला गठ्ठा जड होतो. मुकादम म्हणतो, कामचुकार झाला. ज्यांनी कामावर किंवा घरी काही सांगितलेलं नाही, त्या छातीवर घट्ट क्रेप बँडेज बांधतात. सुरतेच्या उकाड्यात दहा तास बँडेज म्हणजे घामोळं, चट्टे आणि श्वास अपुरा. खालचा भाग दाबून घट्ट चड्डी किंवा चिकटपट्टी वापरली, तर तिथेही कातडी सोलते.

सगळ्यात मोठी अडचण पाण्याची. स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात लघवी वाढवणारं औषध आहे. तहान लागते, वारंवार जावं लागतं, झटकन उठलं की अंधारी येते. पण जायचं कुठे? पुरुषांच्या मुतारीत टिंगल होते, बायकांच्या बाथरूममध्ये जाऊ देत नाहीत. मग सरळ उपाय म्हणजे पाणीच प्यायचं नाही. त्यातून उन्हाळी लागते, लघवीचा संसर्ग होतो, खडे होतात, आणि भर उन्हाळ्यात चक्कर येऊन माणूस कोसळतो.

यात पैशाचा हिशेबही आहे. बरेच कारागीर नगावर काम करतात. धरा, एका खेपेला जिना, रांग आणि परत येऊन बसणं मिळून दहा मिनिटं गेली. दिवसात सहा खेपा झाल्या, तर एक तास गेला. दहा तासांच्या दिवसात दहावा हिस्सा. म्हणजे औषधाचा खर्च वेगळा आणि ही दहा टक्के मजुरी वेगळी. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि आधीच मंदीत असलेल्या हिरे धंद्याला आणखी फटका बसला. अशा काळात शेठकडे सवलत मागायला कोण धजावेल? त्यात १ जुलै २०२५ च्या अध्यादेशानं गुजरातनं कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेली आणि सलग सहा तास विनासुट्टी काम चालेल असं ठरवलं. आठवड्याची मर्यादा ४८ तासच राहिली. पण लघवीला आठवड्याच्या सरासरीनं थांबता येत नाही.

काय केलं तर बरं वाटतं?

काही गोष्टी साध्या आहेत. छाती दुखत असेल तर बँडेज सोडून मऊ सुती ब्रा किंवा स्पोर्ट्स ब्रा, वर बनियन आणि सैल शर्ट. टेबलाच्या काठाला फोमची पट्टी किंवा घडी केलेला टॉवेल. घरी आल्यावर थंड पाण्याची पट्टी. अंघोळीनंतर खोबरेल तेल. खालचा भाग दाबायचाच असेल तर थोड्या वेळापुरता, सुती कपड्यात, आणि घरी आलं की मोकळं. चिकटपट्टी नको. उठताना आधी नीट बसायचं, मग सावकाश उभं राहायचं. पाणी थोडं थोडं, पण प्यायचंच.

इथे एक धोका सांगायला हवा. स्पायरोनोलॅक्टोनमुळे रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. उन्हाळ्यात आपण सहज म्हणतो, नारळपाणी पी, ताकद येईल. पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही असतं. हे औषध घेणाऱ्यांनी ते किती घ्यावं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. अंगदुखीवर आयब्रुफेनसारख्या गोळ्या मनानं घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटॅशियम आणखी वाढतं. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी करावी असं जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

मेडिकलवरच्या गोळ्या

खरी भीती इथे आहे. डॉक्टरकडे जायची लाज, रजा मिळत नाही, फी परवडत नाही. मग मैत्रीण सांगते ती गर्भनिरोधक गोळी मेडिकलवरून आणायची आणि लवकर फरक पडावा म्हणून दिवसाला तीन-चार घ्यायच्या. देशभर पारलिंगी स्त्रियांमध्ये हा प्रकार चालतो. या गोळ्यांत बहुधा एथिनिल इस्ट्राडायॉल असतं. त्यानं रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणूनच तज्ज्ञ या उपचारासाठी ते वापरू नका म्हणतात आणि इस्ट्राडायॉल हे वेगळं रूप देतात. जास्त गोळ्यांनी छाती लवकर वाढते, हा नुसता समज आहे.

त्यात दहा तास एका जागी बसणं, बिडी-सिगारेट आणि पोटात पाणी नाही. गुठळीला हवं ते सगळं जमून येतं. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखलं, तर थांबायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि घेत असलेली गोळी डॉक्टरला खरी सांगायची. तसंच स्तन एकाच बाजूला लाल-गरम झाला, घट्ट न दुखणारी गाठ लागली किंवा रक्तासारखा स्राव आला, तर तो नेहमीचा बदल समजू नये.

योजना आहे, पण कशासाठी?

सरकारनं काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालानं सर्वोच्च न्यायालयानं पारलिंगी व्यक्तींना ओळखीचा हक्क दिला. २०१९ च्या कायद्यातल्या कलम १५ मध्ये शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचारांची सोय, समुपदेशन आणि विमा ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे. कलम ११ प्रमाणे आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’चा करार झाला आणि राष्ट्रीय पोर्टलवरचं प्रमाणपत्र असलेल्यांसाठी वर्षाला ५ लाखांचं संरक्षण जाहीर झालं.

मात्र आयुष्मानची रचनाच दवाखान्यात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. ऑपरेशन असेल तर कार्ड चालतं. छातीची कळ, उन्हाळी, चक्कर, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, महिन्याच्या गोळ्या हे सगळं ओपीडीचं काम आहे. ते खिशातून होतं, किंवा होतच नाही. ऑपरेशन सगळ्या जणी करत नाहीत आणि करणाऱ्यांच्याही आयुष्यात तो एकदाचा प्रसंग असतो. गोळ्या मात्र वर्षानुवर्षं चालतात. विमा आहे तो एकदाच्या मोठ्या खर्चाचा, आणि रोजचा खर्च तसाच राहतो.

रोजच्या उपचाराची सोय कशी असावी, याचं उदाहरण महाराष्ट्रात होतं. हैदराबादेत जानेवारी २०२१ मध्ये ‘मित्र’ क्लिनिक सुरू झालं, नंतर कल्याण आणि पुण्यात. पारलिंगी व्यक्तींना तिथे ओपीडीत हार्मोनचा सल्ला, तपासण्या आणि समुपदेशन मिळायचं. पैसा अमेरिकी मदतीचा होता. अमेरिकेनं २०२५ च्या सुरुवातीला परदेशी मदत रोखली आणि तिन्ही ठिकाणची सेवा बंद पडली. कायद्यानं जी जबाबदारी आपल्या सरकारची, ती परक्या देशाच्या पैशावर चालत होती, हे तेव्हा उघड झालं.

दोन राज्यांच्या मध्ये

आपल्या भागातून जाणाऱ्यांची अडचण आणखी एक. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे, हे आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. या मुलींची कागदपत्रंही अशीच अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आधार गावच्या पत्त्यावर, जुन्या नावानं. खोली सुरतेला, भाडेकरार नाही. प्रमाणपत्राचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, पण तो देतात जिल्हाधिकारी. २०२० च्या नियमांप्रमाणे त्यासाठी प्रतिज्ञापत्र पुरत होतं, शारीरिक तपासणीची अट नव्हती. हे माहीत नसल्यानं कितीतरी जणींनी भीतीपोटी अर्जच केला नाही. गुजरातमध्ये राहायला जागा नसलेल्यांसाठी वडोदऱ्याला ‘गरिमा गृह’ आहे. लक्ष्य ट्रस्टच्या मदतीनं ते २५ नोव्हेंबर २०२० ला सुरू झालं.

आपला खानदेश या बाबतीत मागे नाही. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज महिला राखीव जागेवर नाकारला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तो मान्य केला आणि गावानं त्यांना निवडून दिलं. २०२४ च्या विधानसभेला शमिभा पाटील रावेरमधून उभ्या राहिल्या. मत द्यायला, उमेदवार मानायला गाव तयार होतं. मग त्याच गावची मुलगी सुरतेहून सुट्टीला आली आणि छाती दुखते म्हणाली, तर तिला डॉक्टरकडे न्यायलाही कुणीतरी असायला हवं.

मागण्या छोट्या आहेत

सुरतेत नवी सिव्हिल आणि स्मीमेर, इकडे नंदुरबारचं जिल्हा रुग्णालय. तिन्ही ठिकाणी आठवड्यातला एक ठराविक वार हार्मोन ओपीडीसाठी ठेवावा, शक्यतो संध्याकाळी, म्हणजे मजुरी बुडणार नाही. रक्ततपासणी आणि जेनेरिक गोळ्या तिथेच मिळाव्यात. दोन राज्यांत एकच केसपेपर चालावा. कतारगामच्या कारखानदारांनी संहितेच्या नियमांची वाट बघत बसू नये. आतून कडी असलेली एक स्वतंत्र खोली, पाण्याची बाटली जवळ ठेवायची मुभा आणि दोन तासांनी दहा मिनिटं उठायची परवानगी, याला मोठा खर्च नाही. शिवाय याचा फायदा पाळीच्या दिवसांतल्या बाईला आणि मधुमेह असलेल्या कारागिरालाही होईल. संहिता दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे. त्याहून लहान खात्यांत तिचा आधार नाही. तिथे शेठच्या समजूतदारपणावरच भागवावं लागेल.

आणि ज्यांच्या घरातलं कुणी सुरतेला आहे, त्यांनी एवढं करावं. फोनवर ‘पैसे कधी पाठवतोस’ विचारण्याआधी ‘तब्येत कशी आहे, पाणी पितेस ना, डॉक्टरला दाखवलंस का’ एवढं विचारावं. नाव कुठलं घ्यायचं यावरचा वाद नंतरही घालता येईल. पोटरी सुजली असेल तर मात्र नंतर वेळ नसतो.