पडद्यावरची रुग्णफेरी आणि आपली मुले

आपल्या वसतिगृहांतून शिकलेली मुलेमुली आता एम.बी.बी.एस. होऊन थांबत नाहीत. काहींचे लक्ष अमेरिकेतील 'रेसिडेन्सी'कडे, म्हणजे तेथील रुग्णालयीन पदव्युत्तर प्रशिक्षणाकडे लागले आहे. २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागतो. साहजिकच तेथील डॉक्टरांच्या शिफारसपत्रांचे वजन वाढले. ती मिळवायची तर काही आठवडे अमेरिकी रुग्णालयात काढावे लागतात. व्हिसा, विमानभाडे, निवास आणि बहुधा शुल्कही! ही गुणवत्तेची नव्हे, ऐपतीची परीक्षा होय.

२०२० च्या महासाथीत हे दार किलकिले झाले. बाहेरच्या रुग्णालयांतील फेऱ्या थांबल्या, मुलाखती दूरस्थ झाल्या आणि काही विभागांनी आभासी प्रशिक्षण सुरू केले. न्यूयॉर्कची सकाळी सातची रुग्णफेरी उन्हाळ्यात पुण्यात दुपारी साडेचारला पाहता येते. येथील आंतरवासी डॉक्टरला तीत रुग्णाचा वृत्तांत मांडता येतो, प्रश्नांना उत्तरे देता येतात.

पडद्यावर नाडी लागत नाही, हा आक्षेप खरा आहे. महासाथ व युद्धामुळे परदेशातून परतून ऑनलाइन शिक्षण पूर्ण करणाऱ्यांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये दोन वर्षांची आंतरवासिता सक्तीची केली, ती याच कारणाने. परंतु हाताचे कौशल्य ससूनच्या वॉर्डात मिळतेच. पडद्यावर पारखायची असते ती विचारशक्ती, भाषा आणि वर्तन.

खरा धोका निराळा आहे. धनिकांनी प्रत्यक्ष जावे आणि गरिबांनी पडद्यावर समाधान मानावे, अशी विभागणी झाली, तर दोन प्रतीची शिफारसपत्रे निर्माण होतील. ही नवी उतरंड आपण निमूटपणे स्वीकारता कामा नये.

१९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. अलौकिक बुद्धीलाही समुद्र ओलांडण्यास आर्थिक आधार लागला, हा इतिहास विसरता येत नाही.

म्हणून आभासी फेरी ही पहिली पायरी समजावी. तिच्यातून विषय व रुग्णालय निवडावे; पैसे घेऊन प्रमाणपत्रे विकणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. पुढच्या पायरीसाठी माजी विद्यार्थ्यांनी प्रवासनिधी उभारावा. परदेशस्थ डॉक्टरांनी मुलांच्या मुलाखतींची तयारी करून घ्यावी. दार किलकिले झाले आहे. ते पूर्ण उघडणे हे आपले सामुदायिक कर्तव्य आहे.