ओलीचे खापर कोणाच्या माथी?

भिंतीला ओल आली की घरमालकाला भाडेकरूच्या राहणीत दोष दिसू लागतात, हा अनुभव केवळ मुंबईच्या चाळींचा नव्हे. इंग्लंडमधील रॉचडेल या कापडगिरण्यांच्या जुन्या गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा अवघ्या दोन वर्षांचा मुलगा मरण पावला. घर सामाजिक गृहनिर्माण संस्थेचे. भाडेकरू सुदानमधून आलेले. काळ्या बुरशीची तक्रार वडिलांनी २०१७ मध्येच केली होती. त्यांना सल्ला मिळाला, वरून रंगाचा हात द्या! पुढे त्यांनी वकिलामार्फत दाद मागितली, तर दावा मिटेपर्यंत दुरुस्ती नाही, हे संस्थेचे धोरण आडवे आले. बुरशीच्या दीर्घ संपर्काने जडलेल्या श्वसनविकारामुळे मूल दगावले, असा निर्णय मृत्युचौकशीत नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला गेला.

संस्थेने ओलीचे खापर फोडले होते ते कुटुंबाच्या आंघोळीच्या पद्धतीवर. त्यांच्या राहणीविषयी आपण चुकीची गृहीते धरली, ही कबुली मूल गेल्यानंतरची.

वस्तुतः वाफ कोणत्या घरात नसते? अन्न शिजते, कपडे वाळतात, माणसे श्वास घेतात. वाफेला बाहेर पडण्यास वाट नसेल तर थंड भिंतीवर तिचे पाणी होते आणि बुरशी फोफावते. अशा घरांत दमा व श्वसनमार्गाचे संसर्ग वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगून ठेवले आहे. बंगल्यातही आंघोळी होतातच. तेथे खिडक्या असतात, इतकेच.

अवाबच्या नावाचा कायदा तेथे ऑक्टोबर २०२५ मध्ये अमलात आला. ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी कामाच्या दहा दिवसांत आणि धोका आढळल्यास त्यानंतरच्या पाच दिवसांत तो दूर करणे, हे मालकसंस्थांचे कर्तव्य ठरले. प्रारंभी हे संरक्षण मिळाले ते सामाजिक घरांनाच. खाजगी मालकाचा भाडेकरू बाहेरच राहिला.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानेही दुरुस्तीचे दायित्व मालकावरच टाकले आहे. नोटीस देऊनही त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. चाळीतल्या जुन्या खोलीचे वर्षाचे भाडे दोन हजार धरले, तर हा हक्क पाचशे रुपयांचा. तेवढ्यात गळके छप्पर दुरुस्त होत नाही; पोपडे खरवडून चुना तेवढा फासता येतो.