विश्लेषण : ‘इस्रो’त सॉफ्टवेअर इंजिनीअर नेमके काय करतो?

नागपुरातील सदर भागातल्या अंजुमन अभियांत्रिकी महाविद्यालयापासून अमरावती रोडवरचे ‘इस्रो’चे प्रादेशिक केंद्र काही किलोमीटरवर आहे. तरीही संगणक शाखेच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पदवीनंतर हिंजवडी किंवा बेंगळूरुच दिसते. अवकाश संस्था म्हणजे रॉकेट, आणि रॉकेट म्हणजे मेकॅनिकलवाल्यांचे काम, हा समज कितपत खरा?

जागा किती, पगार किती?

२०२५ मध्ये ‘इस्रो’ने लेखी परीक्षेद्वारे शास्त्रज्ञ/अभियंता ‘एससी’ पदाच्या ३२० जागांची जाहिरात दिली. त्यात मेकॅनिकलला १६०, इलेक्ट्रॉनिक्सला ११५ आणि संगणकाला ४५ जागा होत्या. यातील ‘एससी’ हा पदाचा दर्जा आहे, आरक्षणाचा प्रवर्ग नव्हे. पदवीला किमान ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए आणि खुल्या गटासाठी कमाल वय २८ ही अट. मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर महागाई व इतर भत्ते. पोस्टिंग देशात कुठेही मिळू शकते.

काम काय असते?

हे केंद्रानुसार बदलते. तिरुवनंतपुरमला प्रक्षेपकाचे, बेंगळूरुला उपग्रहाचे आणि त्याच्याशी संपर्क ठेवणाऱ्या जमिनीवरील यंत्रणेचे सॉफ्टवेअर तयार होते. नागपूरचे केंद्र हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या अखत्यारीत येते. उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमांवर प्रक्रिया करून पिके, जंगल, पाणी यांचे नकाशे तयार करणे हे येथील काम. म्हणजे इथला कोड आकाशात जात नाही, तो कापसाच्या शेतापर्यंत पोहोचतो.

चूक झाली तर?

मोबाइल अॅपमधील चूक पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होते. उड्डाणात ती संधी नसते. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दुसरा टप्पा वेगळा होताना क्षणभर जोराचे कंपन झाले. त्यावरून सॉफ्टवेअरने सेन्सर बिघडल्याचे ठरवले आणि पर्यायी पद्धत स्वीकारली. उपग्रह ३५६ किमीच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किमीच्या कक्षेत गेले आणि निकामी झाले. त्यात देशभरातील ७५ शाळांच्या ७५० मुलींचा ‘आझादीसॅट’ही होता. म्हणजे इंजिनाने दगा दिला नव्हता, चुकला तो बिघाड ओळखण्याचा नियम. दुरुस्तीनंतर १० फेब्रुवारी २०२३ चे उड्डाण यशस्वी झाले आणि ‘आझादीसॅट-२’ कक्षेत पोहोचला.

‘चंद्रयान-२’चा धडा काय?

२०१९ मध्ये विक्रम लँडरच्या इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला. चुका साचत गेल्या, पण त्या सुधारण्यासाठी लँडरने किती वेगाने वळावे यावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती. ‘चंद्रयान-३’मध्ये ‘काय काय बिघडू शकते’ इथून आखणी सुरू झाली. उतरण्याची जागाही ५०० बाय ५०० मीटरवरून सुमारे ४ बाय २.४ किमी केली गेली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी लँडर सुखरूप उतरला.

मग जावे की नाही?

कोड लिहिण्यापेक्षा तो तपासण्यात जास्त वेळ जातो हे ज्यांना कंटाळवाणे वाटते, त्यांनी दोनदा विचार करावा. पगारवाढ खासगी कंपनीच्या गतीने होत नाही, नोकरी बदलून ती मिळवण्याचा मार्गही नसतो. पण आपल्या लिहिलेल्या एका अटीवर साडेसातशे मुलींची मेहनत अवलंबून असू शकते, ही जबाबदारी ज्यांना हवीशी वाटते, त्यांच्यासाठी २०२५ मध्ये या ४५ जागा होत्या.